जिप्सीचं इंजिन आणि विमानाचा पंखा

साकीनाक्याला आमचा गाळा आहे. पुली, शाफ्ट, गिअर अशी जॉबवर्कची कामं असतात. एक निवृत्त वैमानिक टेम्पोत जिप्सीचं १२९८ सीसीचं जुनं इंजिन घालून आले आणि म्हणाले, "याच्यावर विमानाचा पंखा फिरवायचाय." अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये बीकेसीत लोकांनी पाहिलं होतं, त्यामुळे मी हसलो नाही. उडवायची परवानगी हा डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचा विषय. आमच्याकडे काम फक्त रिडक्शनचं, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करून पंख्याला द्यायचं होतं.

गाडीच्या इंजिनाची खरी ताकद वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) असते. जिप्सीचे ८० हॉर्सपॉवर मिळतात ते ६००० च्या आसपास. पाच फुटी पंखा ५५०० ला फिरवला, तर पात्याचं टोक सेकंदाला ४३९ मीटर धावतं, म्हणजे आवाजाच्याही पुढे. मग ओढ कमी आणि बोंब जास्त. विमानासाठी बनवलेली लायकमिंगसारखी इंजिनं मोठी आणि संथ असतात, २७०० च्या सुमारास पूर्ण ताकद देतात, म्हणून पंखा सरळ क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर बसतो. आम्ही खाली ३० दातांची पुली, वर ६६ ची आणि मधे रुंद दातेरी पट्टा असा बेत केला. ५५०० चे २५०० झाले, टोक २०० मीटरवर आलं. राइट बंधूंनी १९०३ मध्ये हेच काम सायकलीसारख्या चेन-स्प्रॉकेटने केलं होतं. त्यातली एक चेन तर इंग्रजी आठसारखी तिढा देऊन घातली होती, दोन पंखे उलटसुलट फिरावेत म्हणून. मला त्यांच्या उड्डाणापेक्षा ती चेनच जास्त आवडते.

रविवारी इस्टेट रिकामी असताना इंजिन लोखंडी स्टँडवर बोल्ट केलं, स्टँड साखळीने खांबाला बांधला. वॉचमनला पंख्याच्या रेषेतून लांब, मागच्या भिंतीआड उभं केलं. इंजिन लगेच लागलं. पण हजार-बाराशेवर असा खडखडाट सुरू झाला की पट्टा डोळ्यादेखत फडफडायला लागला. थ्रॉटल दिला, अठराशेवर सगळं गुळगुळीत. खाली आणलं की पुन्हा तेच.

"बेअरिंग गेलं," मी म्हणालो.

आमचे मिस्त्री गिरणीत फिटर होते. त्यांनी स्टँडवर तळवा ठेवला, इंजिन बंद करायला लावलं आणि पंखा हाताने मागेपुढे हलवून पाहिला. "बेअरिंग गेलं असतं तर वरच्या स्पीडला गप्प बसलं असतं का? साहेब, फ्लायव्हील कुठाय?"

कॅप्टनसाहेबांनी वजन वाचवायला फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, काढून घरी ठेवलं होतं.

चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोन दणके देतं. १२०० आरपीएमला सेकंदाला ४०. क्रँक दर दणक्याला पुढे उसळतो, जड पंखा मात्र आपल्याच लयीत असतो, आणि ओढाताण होते पट्ट्याची. त्यात पट्टा-पंखा यांची स्वतःची डोलण्याची लय त्या ४० शी जुळली, की झोक्याला नेमक्या वेळी ढकलल्यासारखं होतं. गाडीत हे दणके फ्लायव्हील आणि क्लचप्लेटच्या स्प्रिंगा गिळतात. तेच काढून टाकलं, तर शाफ्टसुद्धा तुटू शकतो. पुस्तकात याला टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात. मिस्त्री म्हणाले, "अंगातला पीळ."

उपाय मग सरळ होता. फ्लायव्हील परत. खालच्या पुलीला स्वतंत्र बेअरिंग, आणि तिच्यात नि फ्लायव्हीलमध्ये नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं रबर कपलिंग. जोड मऊ झाला की त्याची लय खाली सरकते, आयडलच्याही खाली, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवल्यावरच्या वेगाच्याही. शिवाय आयडलच थोडं वर बांधलं. हे सगळं जुळवल्यावर पुन्हा इंजिन लावलं, तेव्हा चालू-बंद होताना एक हिसका, बाकी पट्टा सरळ.

कॅप्टनसाहेब खूश. ते लगेच दुसऱ्या इंधनपंपाचं बोलू लागले. विमानाच्या इंजिनात सहसा प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी पुरवायला इंजिनावर दोन वेगळ्या मॅग्नेटो असतात, आपल्याकडे सगळं एकेकच, ही त्यांची पुढची चिंता. मिस्त्री पट्ट्याकडेच बघत होते.

"साहेब, हा वर तुटला तर?"

"पंख्याची ओढ थांबेल. मग ग्लायडरसारखं तरंगत खाली यायचं आणि एखादं शेत गाठायचं."

"साकीनाक्यात शेत?"

"मुंबईवर कोण उडवतंय, मिस्त्री?"

तरीही मिस्त्रींनी दीडपट रुंद पट्टा मागवायला लावला, आणि पुल्या पुन्हा लेथवर चढल्या.