काडीपैलवान

परवा दुपारी राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून नुसतंच "हं" केलं. डॉक्टरांचं 'हं' फार वाईट. मग चष्मा वर करून म्हणाले, "म्हशीचं दूध बंद. सायीला तर हातसुद्धा लावायचा नाही." मला एकदम हसूच फुटलं. त्यांना वाटलं, मी त्यांची चेष्टा करतोय. आता त्यांना काय सांगायचं? अख्खं हायस्कूल मी म्हशीचं दूध पीत नाही म्हणून बोलणी खाल्ली.

हायस्कुलात मला काडीपैलवान म्हणायचे. दुसऱ्या गावात हे नाव खपून गेलं असतं. पुण्यात तर बारीक पोरगा हुशार समजला जातो. पण कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम, तालमीच्या दारात लंगोट वाळत घातलेले, गणपतीची वर्गणी मागायला येणारं मंडळ ते तालीम मंडळ, आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणाऱ्या संघांची नावंसुद्धा तालमींचीच. अशा गावात बारीक असणं बेशिस्तीत मोडायचं. लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक पाहुणा आधी माझा दंड चाचपायचा आणि मग विचारायचा, "काय रं, घरात जेवाय घालत न्हाईत व्हय?" हे आईच्या वर्मी लागायचं आणि त्या रात्री माझ्या ताटात एक भाकरी जास्त पडायची.

अण्णांचा उपाय वेगळा होता. अंधार पडला की ते मला गंगावेशीत घेऊन जायचे. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असायच्या आणि गवळी आपल्यासमोर ग्लासातच धार काढायचा. ग्लासाच्या काठावर दोन बोटं फेस चढायचा आणि तो बसायच्या आत दूध पोटात गेलं पाहिजे, असा अण्णांचा दंडक होता. "मधी थांबायचं न्हाई. फेस बसला की त्यात काय राम ऱ्हात न्हाई." आजूबाजूला तालमीतली पोरं चरव्या तोंडाला लावून रिकाम्या करत असायची. मी मात्र नाक दाबून, त्या कोमट वासाशी झटत, अर्ध्यात येऊन थांबायचो. समोरची म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करायची. अण्णा मान फिरवून दुसरीकडेच बघायला लागायचे. घर येईपर्यंत पोटात गुडगुड सुरू झालेली असायची.

पुढं त्यांनी मला तालमीतही घातलं. वस्तादांनी एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आधी हौदा खण." तिथली तांबडी माती म्हणजे ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर असलं काय काय घालून मुरवलेली. तिचा वास मला अजून आवडतो. पण खणण्याच्या पुढं माझी बढती काही झाली नाही.

सगळ्यात वैताग हाफ पँटचा. आमच्या शाळेत नववीतसुद्धा खाकी हाफ पँटच चालायची. ती शिवायला टाकताना अण्णा शिंप्याला एकच वाक्य सांगायचे, "वाढत्या अंगाची शिवा." मी अंगानं वाढणार, या श्रद्धेवर तो घेर बेतलेला असायचा. मी वाढलो, पण नुसता उंच. मग दर जूनमध्ये आई मुडप उसवून पँट खाली सोडायची. वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं आणि खाली आत दडून राहिलेला गडद खाकी पट्टा. लांबून बघणाऱ्यालाही सरळ कळायचं, की हा पोरगा किती वाढला आणि पँट कितीदा उसवली. पट्ट्याखाली माझे पाय. त्यावर नुकती आलेली लव. बाकावर बसलं की मी दप्तर मांडीवर घ्यायचो ते तास संपेपर्यंत.

त्यात आवाज फुटला. संस्कृतच्या सरांनी सुभाषित म्हणायला उभं केलं. बाजूबंद, हार, फुलं यांनी माणूस शोभत नाही, त्याची वाणी हाच त्याचा खरा दागिना, अशा अर्थाचं. नेमक्या त्या दागिन्यापाशी माझा आवाज चिरकला. वर्ग हसला तो हसलाच, सरांनीसुद्धा खडू शोधायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पी.टी.च्या सरांना माझी दया यायची. ते मला खाशाबा जाधवांचा दाखला द्यायचे. "१९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ पदक आणलं, ते कुठल्या गटात? ५७ किलोच्या! म्हणजे अंगाचा डोंगर लागतोय असं काही नाही." राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांना पाठवायला स्वतःचं घर गहाण टाकलं, हेही ते दरवेळी सांगायचे. ऐकताना अंगावर काटा यायचा. पण माझ्या भरवशावर कुणी सायकलसुद्धा गहाण टाकली नसती. आणि ५७ हा आकडा तरी मला कुठं झेपत होता?

तो झेपतो का हे बघायला मी गुपचूप रेल्वे स्टेशनवर जायचो. तिथं ते वजनाचं यंत्र होतं. आत लाल-पिवळे दिवे, गरगर फिरणारी चकती. उभं राहायचं, फिरणं थांबलं की नाणं टाकायचं, 'खट्' करून पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन जागचं हलायचं नाही, भविष्य मात्र दरवेळी नवं. एकदा मी खिशात सायकलचं कुलूप घालून उभा राहिलो. वजन तेवढंच, पण स्वभावात नेतृत्वगुण असल्याचं कळलं.

शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान १९१२ साली पुरं झालं. गोल, चढत जाणाऱ्या बैठका आणि मधोमध हौदा. हजारो माणसं आली तरी शेवटच्या रांगेतल्यालाही कुस्ती स्वच्छ दिसते. त्या वयात शाळा म्हणजे माझ्यासाठी खासबागच होतं. वर्गात शिरलो, फळ्यापाशी गेलो, सायकलस्टँडवर मुलींच्या घोळक्यावरून गेलो, की मी थेट हौद्यात. लंगोटापेक्षा थोडीच मोठी पँट घालून.

आता या वयात लोक सांगतात, अहो, तुमच्याकडे कुणी बघतच नव्हतं, जो तो स्वतःच्याच विवंचनेत होता. बॅचच्या स्नेहमेळाव्यात हे वाक्य हमखास येतं, 'सोनेरी दिवस'च्या आगेमागे. मला हे मुळीच पटत नाही. बघत होते. चांगले निरखून बघत होते आणि खिदळत होते. मीही बघत होतोच की. कुणाच्या तोंडावर मुरमं आलीत, कुणाच्या ओठावर काळी रेघ उमटलीय, कुणाची आई मधल्या सुट्टीत डबा घेऊन फाटकाशी येते, याची खडान्‌खडा नोंद माझ्याकडे होती. अजून आहे.

माझ्या बाकावर पन्हाळ्याकडच्या एका खेड्यातला पोरगा बसायचा. तालमीत राहायचा, आमच्यापेक्षा थोराड. पहाटे उठून जोर-बैठका, मेहनत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः, आणि मग शाळा. दुसऱ्या तासाला त्याचे डोळे मिटायला लागायचे. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. त्याची मांडी बाकात मावायची नाही, म्हणून एक पाय कायम बाहेर वाटेत. येणारा-जाणारा त्याला अडखळायचा आणि तोच "चुकलं, चुकलं" म्हणायचा. इंग्रजीचा धडा वाचायला उभा केला की शब्दाखाली बोट धरून वाचायचा, घाम पुसत. मी खालून हळूच पुढचा शब्द सांगायचो. त्या बदल्यात मला काडीपैलवान म्हणणाऱ्यांकडे तो एकदा नुसता वळून बघायचा. तेवढं पुरायचं.

दुधाचा विषय त्याच्यापाशी एकदाच निघाला. मी म्हटलं, मला वासच सहन होत नाही. तो हसला. म्हणाला, "आमची एक म्हस दूध देतीया, ते समदं माझ्या खुराकाला. धाकटी भावंडं कोरा च्या पित्यात." एवढं बोलून पुन्हा डोकं बाकावर टेकून झोपला.

दहावीच्या वर्षी एका जत्रेच्या मैदानात त्याचा गुडघा गेला. तालमीतून त्याची ट्रंक गावाकडं गेली, शाळेतलं नाव कमी झालं. बाकावर मला ऐसपैस जागा झाली. गुडघ्याचं पुढं काय झालं, हे विचारायला वर्गातून कुणी गेलं नाही. एसटीनं तासाभराचं गाव होतं.