आधी पाय जमिनीवर, मग आठवण

ट्रॉमा थेरपिस्टकडे, म्हणजे मनावरच्या आघातांवर उपचार करणाऱ्याकडे, पहिल्यांदा जाताना बहुतेकांच्या पोटात गोळा येतो, कारण आज सगळं सांगावं लागणार असं वाटत असतं. तसं नसतं, आणि नसावंच. पहिल्या भेटीत काय घडलं होतं यापेक्षा आत्ता काय होतंय याची चौकशी जास्त महत्त्वाची. झोप किती लागते? कशाने दचकायला होतं? ज्याने त्रास दिला तो अजून आसपास आहे का? जीव द्यावासा वाटतो का? घटना एका ओळीत कळली तरी तेवढ्यावर काम सुरू होतं.

ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये हा क्रम तीन टप्प्यांत मांडला: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि जे गेलं त्याचा शोक, शेवटी पुन्हा माणसांत येणं. घाई झाली की काय होतं, ते सेशनमध्ये डोळ्यांनी दिसतं. बोलता बोलता आवाज सपाट होतो, नजर एकाच जागी खिळते, उत्तरं उशिरा येतात. माणूस खुर्चीत असतो, पण मनाने त्या प्रसंगात परत गेलेला असतो किंवा पूर्ण बधिर झालेला असतो. अशा वेळी 'पुढे काय झालं?' विचारणं ही मोठी चूक. तिथे आठवण निवत नाही, नुसती पुन्हा भोगली जाते.

इथे थांबायचं. 'डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या' हा नेहमीचा सल्ला इथे उलटू शकतो: डोळे मिटले की आतलं चित्र आणखी ठळक होतं, आणि जोरजोरात श्वास घेतले की चक्कर आल्यासारखं होऊन भीती वाढते. म्हणून डोळे उघडेच ठेवायचे. दोन्ही तळपाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, आजची तारीख म्हणायची. श्वास घ्यायचाच तर चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. सोडणं लांबलं की छातीतली धडधड उतरते. मग शून्य ते दहा या पट्टीवर त्रास किती, ते विचारायचं. आकडा उतरल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

उलटी चूकही तितकीच होते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तयारीच्या नावाखाली महिनोन्महिने श्वासाचेच व्यायाम चालू राहतात. टाळणं हे पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मनोविकाराच्या, मुख्य लक्षणांपैकी एक. थेरपिस्टही घाबरून टाळायला लागला तर दुखणं मुरत जातं. ज्या पद्धतींना भक्कम पुरावा आहे त्या आठवणीपर्यंत किंवा तिच्या अर्थापर्यंत नेतातच. सीपीटीमध्ये (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) साधारण १२ सेशन्समध्ये 'चूक माझीच होती' यांसारख्या विचारांची लेखी तपासणी होते. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये प्रसंग पुन्हा पुन्हा सांगून त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं असतं. सेशन्स साधारण ८ ते १५, बहुधा दीड तासांची. ईएमडीआर या नजरेच्या हालचालींवर आधारलेल्या पद्धतीत आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची असते. मात्र लहानपणापासून वर्षानुवर्षं छळ सोसलेल्यांना यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, आणि तो द्यावा.

सेशनची शेवटची दहा मिनिटं नव्या आठवणीसाठी नसतात. ती वर्तमानात परतण्यासाठी राखायची. त्या रात्री स्वप्नं वाढू शकतात, हेही आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर माणूस 'आपली तब्येत बिघडतेय' असं समजून येणंच बंद करतो.

थेरपिस्ट निवडताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा प्रश्न उपयोगी पडतात. मानसशास्त्राचं मूळ शिक्षण कुठलं, ट्रॉमाच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण, त्यातल्या किती केसेस सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली, केल्या? दोन दिवसांची कार्यशाळा पुरेशी नाही. सुपरव्हिजन आजही चालू आहे का, हेही विचारावं: दिवसभर आघात ऐकणाऱ्यालाही वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मन बधिर होतं, आणि ते त्याच्याआधी सुपरवायझरला दिसतं. शेवटचा प्रश्न, 'मी मध्येच थांबा म्हटलं तर काय कराल?' ज्याच्याकडे याचं स्पष्ट, बारकाव्यांसह उत्तर नाही, त्याच्यासमोर आठवण उघडू नये.