वळसा

रविवार, रात्र

जेवणं झाल्यावर भाच्याशी जुंपली. अकरावीत आहे, डोक्यात रॉकेटं सोडून काही नाही. म्हणे, "मावशी, पृथ्वीचं काय व्हायचं ते होईल, माणसाला मंगळावर दुसरी जागा तयार हवी."

मंगळयानावर ४५० कोटी कशाला घातले म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. वादळ कुठे धडकणार ते आज उपग्रहांमुळेच वेळेत कळतं. पण ही 'दुसरी जागा' काही पचत नाही. मंगळावरच्या हवेचा दाब इथल्या एक टक्क्याहूनही कमी, आणि तीसुद्धा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये तिथल्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला. थोर काम, वादच नाही. पण सगळा मिळून १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला आठशेच्या आसपास लागतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोनाची गोष्ट तर मी कुणालाही ऐकवते. १९९१ साली आठ जण 'बायोस्फिअर २' नावाच्या काचेच्या बंद इमारतीत दोन वर्षं राहायला गेले. आत शेत, जंगल, चिमुकला समुद्रसुद्धा. हळूहळू ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ च्या आसपास उतरला, माणसांना धाप लागू लागली आणि शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. झालं होतं असं, की सकस मातीतले जिवाणू ऑक्सिजन संपवत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या आधी काँक्रीटच गिळत होतं. काँक्रीट! एवढी हुशार माणसं, पण हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. निभावलं, कारण भिंतीपलीकडे पृथ्वी होती.

आता आमचं इंदूर. स्वच्छतेत पहिलं, त्याचा तोरा मीही मिरवते. पण प्यायला नर्मदा लागते, तीही सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून आणलेली. गावातून वाहणाऱ्या कान्ह नदीचं पाणी प्यायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. २०२१ मध्ये शहराला 'वॉटर प्लस'चा, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यात न सोडणाऱ्या शहराचा मान मिळाला, नाले अडवले, सांडपाणी शुद्ध करायला लागले, हे सगळं खरं. तरीही २०२८ च्या सिंहस्थात ही कान्ह उज्जैनला क्षिप्रेत मिसळू नये म्हणून तिला बंद कालव्यातून घाटांना वळसा घालून पुढे न्यायचं काम काढलंय.

भाचा बोलत होता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हाच कालवा होता. नासलेलं सुधारत बसण्यापेक्षा बाजूने वाट काढायची, ही आपली खोड मंगळापर्यंत पोचली म्हणायची. यात्रेकरूंचं स्नान नीट पार पडेल. उज्जैनच्या खाली नदीकाठी राहणाऱ्यांना मात्र वळसा घालायला जागा नाही, आणि मंगळाच्या तिकिटाच्या रांगेत त्यांचा नंबर लागेल असंही मला वाटत नाही.