गव्हर्नरला मारणाऱ्यांचं गाव

ग्रीसची जुनी राजधानी नाफ्प्लिओ, तिथे आयिओस स्पिरिदोनास नावाचं एक लहानसं चर्च आहे. गल्ली इतकी अरुंद, की दोन गट समोरासमोर आले की एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. दाराशेजारी दगडात एक खळगा आहे आणि त्यावर काच बसवली आहे. स्वतंत्र ग्रीसचा पहिला गव्हर्नर इओआनिस कापोदिस्त्रियास 1831 च्या 9 ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, प्रार्थनेसाठी इथे आला आणि दारातच त्याच्यावर हल्ला झाला. त्या दिवशीच्या गोळीची ही खूण, असं सांगतात.

आमच्या पुढे पर्यटकांचा एक मोठा घोळका होता. त्यांच्या वाटाड्याने सगळी गोष्ट दोन मिनिटांत उरकली. कापोदिस्त्रियास सज्जन, विद्वान, आधी रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री, इथे येऊन पगारसुद्धा नाकारणारा. मारणारे मानीच्या, म्हणजे दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनेसच्या टोकाकडच्या डोंगरातले, माव्रोमिखालिस घराण्याचे. का मारलं? कर भरायचा नव्हता. ‘गुंड’, एवढा एक शब्द टाकून तो घोळका आइस्क्रीमच्या दुकानाकडे वळवला. जाताना प्रत्येकाने काचेवर बोट ठेवून फोटो काढून घेतला.

“हे माव्रोमिखालिस म्हणजे तू आपल्याला ज्यांच्या गावाला घेऊन चालला आहेस, तेच ना?” ताईने विचारलं.

तेच.

मारेकरी काका-पुतणे होते. काका कोन्स्तांतिनोस, पुतण्या गेओर्गिओस. शनिवारवाड्याजवळ लहानपण गेलेल्या माणसाच्या डोक्यात काका-पुतण्या म्हटलं की आधी गारदीच येतात, पण इथे काका आणि पुतण्या एकाच बाजूला उभे होते. एकाने पिस्तूल चालवलं, दुसऱ्याने खंजीर. काकाला तिथल्या तिथे मारलं गेलं. पुतण्याने फ्रेंच प्रतिनिधीच्या घरात आसरा घेतला, पण त्याला तिथून ताब्यात घेऊन पुढे गोळ्या घालण्यात आल्या. कोन्स्तांतिनोसचा थोरला भाऊ आणि गेओर्गिओसचा बाप पेत्रोस माव्रोमिखालिस, म्हणजे सगळ्यांचा पेत्रोबे, तेव्हा कापोदिस्त्रियासच्याच हुकमाने कैदेत होता. आणि ज्या देशाचा गव्हर्नर मारला, तो देश उभा करायला दहा वर्षांपूर्वी सगळ्यांत आधी निघालेल्यांत हेच भाऊ होते. वाटाड्याने हा भाग गाळला, आणि तोच मला डाचत राहिला.

ग्रीसबद्दल माझी तक्रारच आहे. तिकीट, रांग, ऑडिओ गाइड, फ्रिजवर लावायचे चुंबक, सगळं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दगडांसाठी. उस्मानी तुर्कांविरुद्धच्या ज्या लढ्यामुळे आजचा ग्रीस नकाशावर आहे, त्याला दोनशे वर्षंच झालीत, पण त्याची चौकशी केली की हॉटेलवाले अथेन्समधल्या एखाद्या संग्रहालयाचं माहितीपत्रक हातात देतात. मायसीनी आम्ही पाहिलं. ऊन फार होतं. पुढे.

कालामाताहून मानीत उतरणारा रस्ता मात्र विसरणं शक्य नाही. डावीकडे ताइगेतोसचा डोंगर, उजवीकडे खोल निळा समुद्र, आणि मधे वळणावळणाचा एकच रस्ता. कार्दामिली सोडलं की ऑलिव्हची झाडं खुजी होत जातात आणि घरं उंच. घरं कसली, बुरुजच. तीन-चार मजली, दगडी, चौकोनी, खिडक्या जेमतेम डोकं मावेल एवढ्या. हे बुरुज तुर्कांसाठी कमी आणि शेजाऱ्यांसाठी जास्त बांधलेले. मानीत पिढ्यान्‌पिढ्या खानदानी वैरं चालायची; ज्याचा बुरुज उंच, त्याला समोरच्याच्या छपरावर दगड आणि गोळ्या टाकणं सोपं. अशा एकमेकांच्या जिवावर उठलेल्या घरांना एका निशाणाखाली आणायचं म्हणजे काय काम असेल, हे ते बुरुज बघितल्याशिवाय कळत नाही. आम्हाला गाडी लावायला जागा मिळेना, तर एकाने स्वतःची गाडी मागे घेऊन जागा करून दिली, आणि तेही चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता. मानीचा पाहुणचार असाच. हसू नाही, थेट मदत.

लिमेनीच्या खाडीत पेत्रोबेचा वाडा अजून पाण्याला लागून उभा आहे. पाणी इतकं हिरवंनिळं, की फोटो खोटा वाटतो. तिथल्या एका खानावळीत मासा किलोवर विकतात, हे मासा ताटात आल्यावर नाही, बिल आल्यावर कळलं. ताई त्या दिवशी रात्रीपर्यंत फक्त हिशोबाबद्दल बोलत होती, म्हणून लिमेनीचं सौंदर्य मी इथेच थांबवतो.

आता आरेओपोली, ज्या गावासाठी आम्ही निघालो होतो ते.

तेव्हाचं नाव त्सिमोवा. उस्मानी सुलतानाची सत्ता मानीवर कागदोपत्री होती, पण डोंगरात शिरून राज्य करणं त्याच्या अधिकाऱ्यांना कधी नीट जमलं नाही. शेवटी 1776 पासून तोडगा निघाला: इथल्याच एखाद्या घराण्यातला माणूस ‘बे’ म्हणून नेमायचा आणि खंडणीचं त्याच्यावर सोपवायचं. पेत्रोबे हा असा सुलतानाने नेमलेला बे. 1818 मध्ये तो फिलिकी एतेरिया या गुप्त संघटनेत सामील झाला, आणि 17 मार्च 1821 ला त्सिमोवाच्या चर्चसमोर मानीच्या सरदारांनी शपथ घेऊन सुलतानाविरुद्ध निशाण उभारलं. म्हणजे सरकारी नेमणूक खिशात ठेवून बंड. भाऊ क्यिरियाकुलिस, भाऊ यानिस, भाऊ कोन्स्तांतिनोस, मुलगे, पुतणे, सगळे बरोबर. सहा दिवसांनी, 23 मार्चला, कोलोकोत्रोनिस आणि इतर सरदारांसह त्यांनी कालामाता घेतलं, आणि तिथून पेत्रोबेच्या सहीने युरोपातल्या दरबारांना मदतीचं आवाहन गेलं.

ते ताक्सियार्खेसचं चर्च अजून आहे. त्याच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या राशी आहेत. ताईने स्वतःची रास शोधण्यात चांगला अर्धा तास घालवला. समोरच्या चौकाचं नावच ‘17 मार्च’. मोठ्या चौकात पेत्रोबेचा पुतळा, मिशा झुबकेदार. पुतळ्यासमोर कॉफी घेतली, सुटे परत आले, त्यात वीस सेंटचं नाणं होतं. ग्रीसच्या वीस सेंटवर कापोदिस्त्रियासचा चेहरा असतो. ताईने ते नाणं बशीत पुतळ्याकडे तोंड करून उभं ठेवायचा प्रयत्न केला. नाणं पडलं. वेटरने ते टीप समजून उचललं.

आम्ही उतरलो होतो ते घर एका आजींचं. आयुष्याची बरीच वर्षं मेलबर्नमध्ये काढून म्हातारपणी परत आलेल्या, त्यामुळे इंग्रजी फर्डं. सकाळी ताटात तळलेल्या पिठाच्या लांब दोऱ्या, म्हणजे लालांगिया, मध, चीज, ऑलिव्ह, आणि सिग्लिनो, म्हणजे धुरावर धरलेलं डुकराचं मांस. ताई डुक्कर खात नाही म्हटल्यावर त्यांनी एक शब्द न बोलता तिच्या ताटात चीजचा दुसरा तुकडा ठेवला, पहिल्यापेक्षा मोठा.

ताईला आडपडदा माहीत नाही. “आजी, त्या गव्हर्नरला तुमच्या लोकांनीच मारलं ना?”

मला वाटलं, आता खोलीची किल्ली परत मागतात. आजींनी तोंडातली ऑलिव्हची बी काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “नाफ्प्लिओला जाऊन आलात वाटतं.” मग बशीतल्या बिया त्यांनी एकेक करून ओळीत मांडायला घेतल्या.

“हा पेत्रोबे. हा क्यिरियाकुलिस, त्याचा भाऊ. 1822 साली सुलीच्या लोकांना मदत करायला एपिरसला गेला, तिथे स्प्लान्त्साला पडला. प्रेत मिसोलोंगीला नेऊन पुरलं. हा इलियास, पेत्रोबेचा मुलगा. तोही त्याच वर्षी, जानेवारीत, एव्हिया बेटावर स्टिराला.” त्या दोन बिया त्यांनी बोटाने बाजूला सारल्या. “मग 1826 साली इब्राहिम पाशा इजिप्तचं सैन्य घेऊन मानीवर आला. अर्धा पेलोपोनेस जाळत आला. वेर्गाच्या भिंतीपाशी आमच्या पुरुषांनी अडवला. मग त्याने डिरोसच्या किनाऱ्यावर माणसं उतरवली. पुरुष सगळे वेर्गाला. इथे बायका कापणी करत होत्या. हातात होते ते विळे घेऊन धावल्या.”

“आणि जिंकल्या?”

“नाहीतर मी तुम्हाला नाश्ता कुठून वाढला असता?”

मग शेवटच्या दोन बिया. कोन्स्तांतिनोस आणि गेओर्गिओस. “लढाई संपते, कॉर्फूहून एक काउंट येतो, हाच कापोदिस्त्रियास, तो म्हणतो की कर आता नाफ्प्लिओला आणि तुमची कारभाराची सवय आता बंद. बरं, म्हणू दे. पण पासष्टी ओलांडलेल्या पेत्रोबेला कोठडीत टाकायचं?”

“म्हणून खून करायचा?” ताई सोडायला तयार नव्हती.

“करायचा असं मी कुठे म्हटलं? तुम्ही विचारलंत कुणी मारलं, मी सांगितलं आम्ही.” आजींनी बिया परत बशीत ओढल्या. “पण त्या भिंतीतल्या गोळीवर काच लावली आहे ना? क्यिरियाकुलिसला लागलेली गोळी ठेवली आहे का कुणी काचेखाली?”

यावर ताईकडेसुद्धा उत्तर नव्हतं, आणि हे क्वचित घडतं.

माझं मत विचाराल तर मी आजींच्या बाजूचा नाही. कापोदिस्त्रियासला जे राज्य मिळालं, त्यात ना खजिना होता, ना शाळा, ना चलन. 1828 मध्ये त्याने फिनिक्स नावाचं नाणं पाडलं, शाळा काढल्या, सरदारांचे खासगी कर तोडायला घेतले. ते करणं भागच होतं. दर खोऱ्याचा वेगळा जकातदार असेल तर देश कसला? पण म्हाताऱ्याला तुरुंगात डांबणं हा शुद्ध अडाणीपणा. ज्या प्रदेशात घराण्याच्या अपमानापायी चार पिढ्या बुरुजावरून गोळ्या चालतात, तिथल्या घराण्याच्या कर्त्या माणसाला बेड्या घालताना पुढे काय होईल हे कळायला झारचा परराष्ट्रमंत्री असावं लागत नाही. आणि मानीवाल्यांना तरी त्या गोळीने काय मिळालं? गव्हर्नर गेल्यावर देशात अराजक माजलं, महासत्तांनी बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र ऑटो राजा म्हणून पाठवला, आणि त्याच्या कारभाऱ्यांनी तर थेट बुरुजच पाडायचा हुकूम काढला. 1834 मध्ये पाडायला आलेल्या बव्हेरियन सैनिकांना मानीवाल्यांनी पकडलं आणि अंगावरचे कपडे काढून घेऊन परत पाठवलं. ही गोष्ट आजींनी आम्हाला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा तितक्याच आनंदाने. त्या राजाच्याच सल्लागार मंडळात पेत्रोबे पुढे मानाने बसला आणि 1848 मध्ये वारला, हे मात्र त्यांनी घाईत उरकलं. 1909 मध्ये तर याच घराण्यातला एक क्यिरियाकुलिस माव्रोमिखालिस देशाचा पंतप्रधान झाला.

निशाणाबद्दलही त्यांनीच सांगितलं. पांढऱ्या कापडावर निळा क्रूस, वर लिहिलेलं ‘विजय किंवा मृत्यू’. उरलेल्या ग्रीसची घोषणा ‘स्वातंत्र्य किंवा मृत्यू’. मानीवाल्यांनी स्वातंत्र्य मागितलं नाही, कारण त्यांच्या मते ते त्यांच्याकडे आधीपासून होतं. या लोकांशी कर-वसुलीबद्दल बोलायला जाणाऱ्या माणसाची मला खरोखर कीव येते.

डिरोसच्या गुहेत होडीतून फिरवतात. गुहा अप्रतिम, रांग भयंकर, होडीवाला घाईत. वाथिया बघितलं, बुरुजांचं ओसाड गाव, वारा फार. त्यापुढे द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत चालत जायचं ठरलं होतं, ते ताईच्या गुडघ्यांनी रद्द केलं. मानीला जाणाऱ्यांना सल्ला द्यायचा तर एवढाच: बरोबर घेतलेल्या माणसाला आधी सांगा की तिथे वाळूचे किनारे फारसे नाहीत. मी सांगितलं नव्हतं आणि आजतागायत ऐकतो आहे.

परतताना कालामातात थांबलो. 23 मार्चशी जोडलेलं आयिओई आपोस्तोलोईचं बायझंटाइन चर्च बाजारातच आहे, इतकं बुटकं की आधी आम्ही त्याच्या बाजूनेच निघून गेलो. समोरच्या खानावळीत जेवताना मालकाने विचारलं, कुठून आलात. आरेओपोलीहून म्हटल्यावर त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

“17 मार्च सांगितलं असेल त्यांनी.”

“हो.”

“अख्खा देश 25 मार्चला सुट्टी घेतो, ते 17 सांगतात. शहर घेतलं कधी? 23 ला. कुठलं शहर? हे. डोंगरात चार माणसांनी शपथ घेतली की ती क्रांती होत नसते,” तो म्हणाला, आणि बिलाबरोबर आम्ही न मागवलेलं कलिंगड आणून ठेवलं.

“तुमचे कुणी लढले होते का त्यात?” ताईने विचारलं.

“आईकडचे,” तो म्हणाला. “ती मानीची.”