रकान्यात नाव नसलेली लेन्स

शनिवार, रात्री

दुपारपासून जुन्या हार्ड डिस्क उघडून बसलो होतो. १०५ने काढलेले फोटो शोधायचे होते. म्हणजे निक्कॉर १०५ मिमी एफ/२.५, निकॉनच्या जुन्या एआय-एस मालिकेतली लेन्स, हाताने फोकस करायची, मी विकून टाकलेली. सॉफ्टवेअरमध्ये लेन्सनुसार फोटो चाळता येतात. बाकीच्या सगळ्या लेन्स नावानिशी समोर आल्या, हिचं नाव कुठेच नाही. कारण साधं आहे: या लेन्समध्ये चिप नाही, त्यामुळे ती कॅमेऱ्याला स्वतःबद्दल काही कळवत नाही. माझी तेव्हाची छोटी डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) तर तिच्यासोबत प्रकाशही मोजायची नाही. सगळं मॅन्युअलवर, एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघायचा आणि मग शटर कमी-जास्त करायचं. त्या फोटोंच्या माहितीत फोकल लांबी ०, ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) ० आणि लेन्सचा रकाना कोरा.

मग उलट्या बाजूने शोधलं. ज्यांचा रकाना कोरा ते सगळे फोटो बाजूला काढले. बिनचिपची दुसरी लेन्स माझ्याकडे कधीच नव्हती, म्हणजे कोरे तेवढे सगळे तिचे. ते एकेक करून बघत गेलो आणि संध्याकाळ कधी झाली कळलं नाही.

जवळपास सगळी माणसंच आहेत. आणि सगळी एकाच अंतरावरून. ही लेन्स एक मीटरच्या आत फोकस होत नाही, आणि चेहरा व्यवस्थित मावायला दीडेक मीटर लागतो. त्या अंतरावर एफ/२.५ला, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं असताना, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट येते. बुबुळं धरली की कान मऊ होतात, नाकाचा शेंडाही सुटतो. समोरचा माणूस श्वास घेताना थोडा पुढे आला तरी फोकस गेला. म्हणून फोकसची रिंग सतत थोडी थोडी फिरवत राहावं लागायचं. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात फोकसचा हिरवा ठिपका पेटतो, पण तो ठिपका मोठा उदार असतो. भुवईवर फोकस असला तरी पेटतो. खरं काम डोळ्यानेच करायचं.

आत्याचे फोटो सलग सापडले. पहिल्या फोटोत तिने हनुवटी वर केली आहे, ओठ मिटलेले, फोटोसाठी करतात तसा चेहरा. दुसऱ्यातही तेच, फक्त भुवया किंचित उंचावलेल्या: अजून झालं नाही का? तिसरा फोकसमधून सुटलाय. चौथ्यात तिने नाद सोडलेला दिसतो. खांदे खाली आलेत, नजर माझ्याकडेच आहे पण कॅमेऱ्याकडे नाही, आणि तोंड बोलण्यासाठी अर्धवट उघडलेलं. हीच आमची आत्या. घरात सगळ्यांना तिचा हाच फोटो आवडतो आणि फ्रेमही त्याचीच केली आहे.

आज हे सगळे एका ओळीत बघितल्यावर कळलं की चौथा फोटो मी टिपला असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. माझं फोकस होईपर्यंत जो वेळ गेला, त्या वेळाने तो फोटो दिला. माणूस फोटोचा चेहरा फार वेळ धरून ठेवू शकत नाही. थोडा वेळ गेला की तो गळून पडतो. १०५ मला तो वेळ काढायला लावायची, आणि समोरच्यालाही द्यायला लावायची.

हल्लीच्या लेन्सबद्दल माझी तक्रार नाही. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी आहे, डोळा ओळखून फोकस धरते, माणूस चालत असला तरी सोडत नाही. कार्यक्रमांत आणि पळणाऱ्या मुलांसाठी मी तीच वापरतो आणि वापरत राहीन. पण माणूस समोर बसवून काढलेले गेल्या काही वर्षांतले फोटो आज तिच्या फोटोंशेजारी लावून पाहिले. नव्यात पापणीचा केस न् केस दिसतो. आणि बहुतेकांत तो पहिलाच चेहरा आहे, हनुवटी वर केलेला. कॅमेरा तयार, फोकस तयार, मी बटण दाबलं, झालं. थांबायला कुणी सांगितलं नाही, म्हणून कुणीच थांबलं नाही. मी मुद्दाम थांबून पाहिलं आहे. पण नुसतं थांबलं की समोरचा अवघडतो. रिंग फिरवणारा माणूस काहीतरी करताना दिसतो, म्हणून त्याच्यासमोर बसणं सोपं जातं.

विकायचं ठरवलं तेव्हाची कारणं मला नीट आठवतात आणि त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. लेन्स कपाटात पडून होती. बंद, दमट जागेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, ती काचेवरचं कोटिंग खाते आणि एकदा कोटिंग गेलं की साफ करूनही परत येत नाही. नवी सिस्टिम घ्यायची होती, पैसे जमवायचे होते. शिवाय ‘वर्षभर वापरलं नाही ते काढून टाक’ हा सल्ला तेव्हा सगळीकडून कानावर येत होता. तो सल्ला कपड्यांसाठी ठीक असेल. अवजारांसाठी मी तो कुणालाच देणार नाही. काही अवजारं वर्षातून एकदाच लागतात, आणि त्या एका वेळी दुसऱ्या कशाने काम भागत नाही.

जाहिरातीसाठी तिचे फोटो मी नव्या कॅमेऱ्याने काढले होते. तेही आज सापडले. मजकूर मनापासून लिहिला होता. काचेवर ओरखडे नाहीत, बुरशी नाही, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नाही, सातही पाती लगेच मिटतात, रिंग एकसारखी फिरते, कुठे अडत नाही. ऊन अडवणारं अंगचं सरकतं हूड थोडं सैल आहे. टॉर्च लावून पुढून-मागून तपासलेली. शब्द न् शब्द खरा होता. विकत घेणाऱ्याला विचारावंसं वाटेल ते सगळं त्यात होतं, आणि ती हातात असताना माझे फोटो कसे येतात याबद्दल एक ओळही नव्हती. ती कुठे लिहिणार? आणि लिहिली असती तरी ती लेन्सबरोबर घेणाऱ्याकडे जाणार नव्हती.

सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. मला वाटत होतं की मिररलेस घेतल्यावर ही लेन्स निरुपयोगी होईल. झालं असतं नेमकं उलट. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जोडणी, १९५९चा. त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागते. २०१८ला आलेल्या झेड माउंटमध्ये आरसाच नाही, अंतर १६ मिमी. म्हणजे मध्ये साडेतीस मिमीची पोकळ नळी बसवली की जुनी लेन्स अनंतापर्यंत फोकस होते. त्या नळीत काच लागत नाही, त्यामुळे प्रतिमेत काही बिघडत नाही. ॲपर्चर मिटवल्यावरही प्रकाश मोजला जातो. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा मोठा करून बघता येतो, फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात. ज्या हिरव्या ठिपक्यावर माझा कधी भरवसा बसला नाही, त्याची गरजच उरली नसती. जी गोष्ट मला तिच्याबाबतीत खरोखर जड जात होती ती सोपी होणार होती, आणि त्याच सुमारास मी ती खोक्यात घालून पाठवून दिली. नव्या लेन्सची फोकस रिंग फिरवून पाहिली आहे. ती आतल्या काचा थेट हलवत नाही, मोटरला नुसता विजेचा इशारा देते, दोन्ही टोकांना कुठे थांबतच नाही, गोल गोल फिरत राहते. हाताला काही शिकायला मिळत नाही. १०५वर मला न बघता कळायचं की अनंतापासून एवढं फिरवलं की माणूस दीड मीटरवर.

मित्राला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, दुसरी घे की. बरोबर आहे, मिळते. १०५ एफ/२.५ ही दुर्मिळ लेन्स नाही, दशकानुदशकं बनत होती. १९७१च्या सुमारास तिची आतली काचांची रचना बदलली, ती पुढे शेवटपर्यंत तशीच राहिली. नॅशनल जिओग्राफिकच्या जून १९८५च्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी स्टीव्ह मॅकरीने याच लेन्सने टिपली, आणि अनेक जण तेवढ्यासाठी ती शोधतात. मित्र आणखी म्हणाला, आपल्या हातातल्या वस्तूची किंमत आपल्याला उगाच जास्त वाटते, अर्थशास्त्रज्ञ थेलर आणि मानसशास्त्रज्ञ कानेमान यांनी कॉफीच्या मगांवर प्रयोग करून ते दाखवलंय. तो प्रयोग मला माहीत आहे. त्यात ज्यांच्या हातात कॉफीचा मग असतो, ते तो सोडायला तयार नसतात. मी तर सोडायला एका पायावर तयार होतो. तिची किंमत मला ती गेल्यानंतर कळतेय, आणि तीही फोटोंवरून.

न राहवून ज्याला विकली त्याला संध्याकाळी संदेश पाठवला, परत द्यायचा विचार आहे का म्हणून. तासाभरात उत्तर आलं: रोज वापरात आहे, विकायची नाही, हूड अजून सैलच आहे. वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, कपाटात पडली नाही म्हणून. पुन्हा आग्रह केला नाही. दुसरी बघायला लागलोय. रिंगचं ग्रीस सुकलेलं नको, एवढीच अट.

एफएम२चीही (निकॉनचा जुना फिल्म कॅमेरा) जाहिरात तेव्हापासून टाकलेली होती. १०५ तिच्यासोबतच आली होती, दोन्ही वापरलेल्या. कालच एकाने तिची चौकशी केली. त्याला आता कळवलं की विकायची नाही, आणि जाहिरात काढून टाकली. १९८२चं मॉडेल, शटर पूर्ण यांत्रिक, सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत सेलशिवाय चालतं. सेल फक्त मीटरला लागतात. ५० मिमी एफ/१.८ डी आहे माझ्याकडे. तिला चिप आहे तशी ॲपर्चर रिंगही आहे, त्यामुळे एफएम२वर बसते. उद्या दोन एलआर४४ सेल आणि एक रोल आणायचा.