आमची वाटचाल : सातबारा कुणाच्या नावावर?

2012 च्या पावसाळ्यात चिपळूणच्या बाजारपेठेत दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि माझ्या मामेभावाने वेबसाइट बनवून द्यायचं काम सुरू केलं. पहिले तीन महिने लोक झेरॉक्स आहे का, एवढंच विचारायला यायचे. चौथ्या महिन्यात गुहागरचे एक काका आले. त्यांच्या घरगुती लॉजची साइट हवी होती, फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढलेले, बजेट सहा हजार. 'आणि दरवर्षी काय ते भाडं किती?' त्यांनी विचारलं. त्या 'काय ते भाड्या'चं उत्तर नीट द्यायला आम्हाला पुढची सात-आठ वर्षं लागली.

पहिलं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर (इंटरनेटला कायम जोडलेल्या संगणकावर) भाड्याने घेतलेली जागा, आम्ही किंमत बघून घेतलं. वर्षाचे 1,200 रुपये, जागा अनलिमिटेड, साइट अनलिमिटेड, मेल अनलिमिटेड. शेअर्ड होस्टिंग म्हणजे काय हे कोकणी माणसाला समजवावं लागत नाही, आमची अर्धी जमीन सामायिकच असते. वाडीत एक विहीर, दहा घरं पाणी भरतात. एकाने पाच एचपीचा पंप लावला की बाकीचे नऊ बादली धरून उभे. एका सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि त्यातला कोण कधी पंप लावेल हे तुम्हाला कळत नाही. त्यात आम्ही आणखी शहाणपणा केला. अनलिमिटेड आहे ना, मग एकाच खात्यात अकरा गिऱ्हाइकांच्या साइट भरल्या.

2014 च्या डिसेंबरात त्यातल्या एका शाळेच्या साइटवर गुगलमधून गेलं की औषधांच्या जाहिराती उघडायला लागल्या. त्या साइटला आम्ही फुकटात उतरवलेली चोरीची थीम लावली होती. लाज वाटते, पण लावली होती. एकाच खात्यातल्या सगळ्या फायली सर्व्हरच्या दृष्टीने एकाच मालकाच्या, त्यामुळे शाळेतून शिरलेली कीड लॉजपर्यंत आणि लॉजवरून दातांच्या डॉक्टरांपर्यंत गेली. कंपनीने अख्खं खातं बंद केलं, म्हणजे अकराच्या अकरा साइट. याबाबतीत मी कंपनीला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण चार दिवस आमच्या तक्रारीच्या तिकिटाला उत्तर म्हणून तोच एक छापील परिच्छेद येत राहिला, ते मात्र अजून आठवतं. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यासाठी रीसेलर प्लॅन, म्हणजे आत अनेक वेगळी खाती काढता येतात असं होस्टिंग, घ्यावा लागला आणि वर्षाचा खर्च तिपटीने वाढला.

अनलिमिटेडचा दुसरा अर्थ 2016 च्या एप्रिलमध्ये कळला. देवगडच्या एका बागायतदारांची हापूसची साइट होती. कुणीतरी त्यांचा दर आणि लिंक मुंबईच्या दहा-बारा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि दुपारी त्यांचा फोन आला, 'काय रे, ऐन पेटीच्या दिवसांत तुमची साइट झोपली काय?' पडद्यावर पांढऱ्या पानावर आकडा होता 508 आणि खाली 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. जागा अमर्याद होती, पण एका वेळी आत किती माणसं घ्यायची याला मर्यादा होती. आमच्या प्लॅनमध्ये ती होती 20. वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवरची साइट प्रत्येक पाहुण्यासाठी सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्राम चालवून पान नव्याने रांधते, एकविसावा आला की दार बंद. खरेदीच्या पानावर हा आकडा कुठेच नव्हता. सीपॅनेलच्या, म्हणजे होस्टिंगचं खातं सांभाळायच्या पानाच्या, उजव्या कडेला बारीक अक्षरांत 'एन्ट्री प्रोसेसेस' असं लिहिलेलं असतं, तिथे तो चार वर्षं आमच्यासमोर होता. पुढे साइटला कॅशिंग लावलं, म्हणजे पान एकदा रांधायचं आणि सगळ्यांना तेच वाढायचं, आणि निम्मा प्रश्न मिटला. पण त्या मोसमातल्या पेट्यांच्या ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच.

त्याच वर्षी पहिल्या कंपनीचं रिन्युअल आलं. मूळ किमतीच्या साडेतीनपट. सुरुवातीचा दर म्हणजे गळाला लावलेलं आमिष असतं, हे नदीकाठी राहूनही आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मग 2017 च्या मार्चमध्ये, म्हणजे मुद्दाम काम हलकं असताना बदलायचं ठरवूनही शेवटी आंब्याच्या मोसमाच्या तोंडावरच, आम्ही होस्टिंग निवडायला बसलो. इंटरनेटवरच्या 'टॉप टेन' याद्या वाचून झाल्या होत्या. त्यातल्या बहुतेक याद्या कमिशनवर चालतात, लिंकवर बोट ठेवलं तरी खालच्या पत्त्यात कमिशनचा सांकेतिक क्रमांक दिसतो. म्हणून तीन कंपन्यांकडे एकेका महिन्याचं होस्टिंग घेतलं, तिन्हीकडे तीच एक साइट चढवली आणि रात्री अकरा वाजता तिघांना तोच प्रश्न पाठवला: आमच्या प्लॅनमध्ये फायलींची एकूण संख्या, म्हणजे आयनोड, किती चालतात, आणि रोजचा बॅकअप आम्हाला स्वतः उतरवून घेता येतो का? एकीकडून दोन मिनिटांत उत्तर आलं, 'डिअर सर, आमच्याकडे सर्व काही अनलिमिटेड आहे.' दुसरीकडून सकाळी. तिसरीकडून चाळीस मिनिटांनी एका माणसाने सरळ लिहिलं की अडीच लाख फायली, त्यापुढे गेलात तर बॅकअपमधून वगळू, आणि बॅकअप कुठल्या बटणाखाली आहे ते हे. आम्ही तिसरी घेतली. ती स्वस्त नव्हती. 'नाही' आणि 'एवढंच' म्हणणारा माणूस तिथे बसलाय, हे आम्हाला पुरलं.

99.9 टक्के अपटाइम, म्हणजे साइट चालू राहायचा वेळ, तिघांच्याही पानावर होता. गणित केलं तर 99.9 टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात 43 मिनिटं बंद राहायची मुभा. त्याहून जास्त बंद राहिलं तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात काही रुपये वजा, गेलेल्या धंद्याचं कुणी विचारत नाही. त्यामुळे त्या आकड्याकडे मी बघत नाही. सर्व्हर कुठे आहे ते मात्र बघतो. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला चिपळूणहून सेकंदाचा पाव भाग लागायचा, मुंबईतल्याला त्याच्या एक दशांशसुद्धा लागत नाही. एका पानासाठी अशा अनेक खेपा होतात.

सामान हलवताना जे झालं ते मराठी साइट बनवणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी भोगलं असेल. लॉजच्या काकांचं मराठी पान नव्या सर्व्हरवर उघडलं तर ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. दुसऱ्या एका साइटवर डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए आणि मध्येमध्ये चलनाचं चिन्ह. जुना डेटाबेस 'लॅटिन वन', म्हणजे रोमन लिपीच्या अक्षरसंचात, मांडलेला होता आणि आम्ही त्यात युनिकोड मराठी कोंबत होतो. तिथल्या तिथे ते बरोबर दिसायचं, उचलून दुसरीकडे नेलं की फुटायचं. रेघवाले ए आले तर घाबरू नका, आतला मजकूर शाबूत असतो, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, उलटं फिरवून परत मिळतो. प्रश्नचिन्हं आली तर मूळ अक्षरं त्या फाइलमधून पुसली गेलेली असतात. आमचं जुनं खातं अजून दहा दिवस चालू होतं म्हणून वाचलो, तिथून पुन्हा नीट उतरवून घेतलं. नवीन ठिकाणी महिनाभर बसल्याशिवाय जुनं बंद करायचं नाही, ही सवय तेव्हापासूनची.

एसएसएलबद्दल, म्हणजे साइट आणि पाहुणा यांच्यातली माहिती गुप्त ठेवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल, थोडक्यात सांगतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं 2016 पासून सर्रास मिळत होती, तरी काही कंपन्या 2018 च्या जुलैत क्रोमने साध्या साइटवर 'नॉट सिक्युअर' लिहायला सुरुवात केल्यावर दरवर्षाला दोन-दोन हजार मागत होत्या. जिथे छोट्या साइटला साध्या एसएसएलचे पैसे मागतात तिथून मी उठतो.

आता ज्या गोष्टीवरून या लेखाचं नाव ठेवलंय ती. एका महिला बचत गटाची कोकम-आगळ विकणारी साइट आमच्याकडे आली, म्हणजे यायची होती. होस्टिंगचं बिल त्यांच्याकडे होतं, साइट त्यांची होती, पण डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता? ते गटातल्या एका ताईंच्या भाच्याच्या मित्राने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, आणि तो दुबईला. माणूस वाईट नव्हता, पण जुना ईमेल त्यालाच उघडेना. ताई म्हणाल्या, 'पैसे आम्ही भरले ना दरवर्षी?' मी म्हटलं, ताई, घरपट्टी तुम्ही भरताय, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे? त्यांना एका वाक्यात कळलं. कोकणात हे उदाहरण सगळ्यांनाच कळतं, कारण प्रत्येक घरात एक तरी असा सातबारा असतोच. डोमेन सोडवायला पाच महिने गेले. पुढे आम्ही नियमच केला की डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि शक्यतो होस्टिंगपेक्षा वेगळ्या कंपनीकडे. होस्टिंगवाल्याशी वाजलंच, तर नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती नोंद, बदलून दुसऱ्या दारी जाता येतं. दोन्ही एकाच खात्यात असेल आणि ते खातंच गोठलं, तर बाहेर पडायची वाटही त्याच्याच अंगणातून जाते.

ईमेलवरून आमचीच एक फजिती. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरची आपोआप होणारी वजावट पूर्वीसारखी चालेनाशी झाली. आमच्या एका परदेशी होस्टिंग सेवेचं रिन्युअल कार्डावर होतं, ते अडकलं. कंपनीने तीन सूचना पाठवल्या. तिन्ही आमच्या फर्मच्या डोमेनवरच्या मेलवर, जो त्याच होस्टिंगवर होता. खातं बंद झाल्यावर चौथी सूचना बंद पडलेल्या पेटीत गेली. आता बिलाचा ईमेल साधा जीमेलचा आहे आणि रिन्युअलच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनने लिहिलेल्या असतात.

मेलचा त्रास वेगळाच. सामायिक सर्व्हरवर आयपी पत्ताही (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) सामायिक, शेजाऱ्याने स्पॅम पाठवला की तुमची कोटेशनं परत येतात. दातांच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचे मेल असे आठवडाभर परत येत होते. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल एसपीएफ किंवा डीकिम (मेल खरंच त्याच डोमेनवरून आला याची खूण देणाऱ्या नोंदी) नसलेल्या मेलला आणखी कडक वागवतं, म्हणून ती नोंद सगळ्यांची करून घेतली. ज्यांचा धंदा मेलवर चालतो त्यांचा मेल होस्टिंगवरून काढून वेगळ्या सेवेवर नेला. महिन्याला माणशी थोडे पैसे जातात, कटकट जाते.

लोक फोन करून विचारतात, तुम्ही कोणती कंपनी वापरता ते सांगा ना. सांगतो, पण छापत नाही. मुंबईच्या डायरेक्टी समूहाच्या बिगरॉक आणि रीसेलरक्लब या होस्टिंग कंपन्या 2014 साली अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेल्या, आणि 2021 मध्ये एन्ड्युरन्सचीच पाटी बदलून न्यूफोल्ड डिजिटल झाली. 2019 मध्ये सीपॅनेलने खात्यागणिक पैसे आकारायला सुरुवात केली तेव्हा चांगल्या चांगल्या कंपन्यांचे दर एका रात्रीत फिरले, आमचेही वाढले. आज मी छापलेलं नाव तीन वर्षांनी त्याच माणसांचं असेल, याची खात्री कुणी द्यावी?

राहता राहिला बॅकअप. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता त्यांचं दोन्ही गेलं. आम्ही गाळ्यात चहा पीत त्यावर बोललो होतो, बघ, लोक कसे निष्काळजी असतात. आमचा बॅकअप गाळ्यातल्या संगणकाच्या शेजारी, 2005 च्या पुराची खूण भिंतीवर आहे तिच्याहून हातभर उंच फळीवर होता. त्याच वर्षी 22 जुलैच्या पहाटे वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. आम्ही पेठमापला नातेवाइकांच्या गच्चीवर अडकलो होतो, फोन बंद, वीज नाही. गाळ्यात पाणी त्या फळीच्याही वर गेलं. सहाव्या दिवशी शटर उघडलं तेव्हा चिखलात दोन हार्ड डिस्क, एक प्रिंटर आणि कुणाच्या तरी दुकानातून वाहत आलेल्या पंचवीस-तीस चपला होत्या. सगळ्या डाव्या पायाच्या.

साइट मात्र सगळ्या चालू होत्या. मुंबईतल्या सर्व्हरला चिपळूणचा पाऊस माहीत नव्हता. देवगडचे बागायतदार नेटवर्क आल्यावर पहिल्यांदा बोलले ते साइटबद्दल नव्हे, 'घरचे सगळे ठीक ना रे?' त्या महिन्याचं भाडं आठ-नऊ गिऱ्हाइकांनी न मागता दुप्पट पाठवलं.

आज आमच्याकडे 64 साइट आहेत, गाळा पहिल्या मजल्यावर आहे आणि बॅकअप तीन ठिकाणी आहे. एक होस्टिंगवर, एक दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर आणि एक डिस्क कराडला बहिणीच्या घरी, तांदळाच्या डब्याशेजारच्या कपाटात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मामेभाऊ एसटीने नवी डिस्क घेऊन जातो, जुनी आणि बहिणीने दिलेली चटणी घेऊन येतो. पावसाळ्यात कुंभार्ली घाट बंद पडला तर तेवढा महिना डिस्क आमच्या माळ्यावर राहते.