अंडर-१३ आणि ‘बाळाचे नाव’चा रिकामा रकाना

लेकीच्या फुटबॉलबद्दल लिहायला बसले की लेखणी मैदानावर थांबतच नाही, थेट माझ्या माहेरच्या नगरपालिकेत जाते. तरी आधी मैदानाचं उरकते.

पुण्यात सोसायटीतल्या पोरांबरोबर ती खेळायचीच. संघात घालायच्या आधी थोडं नीट शिकू दे म्हणून एका सरांच्या सकाळच्या बॅचला पाठवलं. सरांनी कितीतरी दिवस मॅच म्हणून खेळू दिली नाही. भिंतीवर बॉल मारायचा, परत आलेला एका स्पर्शात थांबवायचा, पुन्हा मारायचा. उजवा पाय झाला की डावा. मग बॉल येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं. सर मागे उभं राहून हाताची बोटं दाखवणार, हिनं पास घेता घेता किती बोटं ते ओरडून सांगायचं. बाकावर बसलेल्या आयांमध्ये कुजबुज चालायची, ‘पैसे भरून भिंतीवरच बॉल मारायचा तर घरी काय वाईट?’ पण एका अकादमीच्या अंडर-१३, म्हणजे तेरा वर्षांखालच्या संघाच्या ट्रायलला पाचास पाच खेळवलं, तेव्हा कात्री मारून (बॉलवरून पाय फिरवून चकवा देऊन) दाखवणारी पोरं बाजूला राहिली आणि पास नीट घेणारी निवडली गेली. आमची त्यात होती. डावा पाय अजून कच्चाच आहे, तरीही.

आता खरी गोष्ट. अकादमीनं कागदांची यादी पाठवली: फोटो, आधार, जन्मदाखला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस नावाच्या ऑनलाइन प्रणालीत खेळाडूची नोंदणी होते, ती झाल्याशिवाय लीगमध्ये उतरता येत नाही. ‘आधारवर जन्मतारीख आहे की,’ मी म्हटलं. मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, वयचोरी इतकी चालते की मनगटाचा एक्सरे काढून हाडाचं वय बघतात. दाखला लागणारच.’ पटलं. फाइलमधून दाखला काढला. जन्मतारीख, आईचं नाव, वडिलांचं नाव, सगळं जागच्या जागी. ‘बाळाचे नाव’ या रकान्यात एक आडवी रेघ.

हे फार घरांत असतं बरं का. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. हॉस्पिटल ती लगेच पाठवून मोकळं होतं, आणि तेव्हा आपलं बारसंच झालेलं नसतं. शाळेनं हा दाखला बिनबोभाट घेतला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंदही तिकडची. नाव पंधरा वर्षांपर्यंत नंतर घालता येतं, त्यामुळे मी निर्धास्त होते.

नगरपालिकेत पहिल्यांदा गेले तर टेबलावरचे भाऊसाहेब जेवायला गेलेले. ते आले, रजिस्टर काढलं, पानं उलटून बोट ठेवलं. ‘ही बघा ताई, नोंद आहे.’ निळ्या शाईत माझं नाव, शेजारी तीच रेघ. मला वाटलं झालं! तर म्हणाले, ‘पण ही जुनी नोंद ऑनलाइन नाही. आधी ती चढवावी लागेल, मग नाव, मग दाखला.’ चढवणार कोण? ऑपरेटर. ऑपरेटर कुठे? निवडणुकीच्या कामाला. पुढच्या वेळी ऑपरेटर होता तर साइट बंद. सरकारच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या साइटलाही सीआरएसच म्हणतात. एका सीआरएसनं मला दुसऱ्या सीआरएसकडे पाठवलं होतं, आणि दोन्हीकडे चक्र गोल गोल फिरत होतं. मग साइट चालू झाली तर साहेबांची सही राहिली, साहेब मीटिंगला. इकडे अकादमीचा रोज मेसेज: नोंदणीची मुदत संपत आली. पोरगी सरावाला जायची, शनिवारी मात्र संघाची मॅच बाहेर बसून बघायची. तिच्यापेक्षा मीच जास्त चिडले होते.

शेवटी माझा दादा सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेलाच तिथे जाऊन बसला आणि सही होईपर्यंत उठला नाही. ज्या कामासाठी एवढं रक्त आटवलं त्याची फी चहाच्या पैशांत बसली.

तुम्ही जाणार असाल तर शाळेचं बोनाफाइड आणि आई-वडील दोघांचे आधार बरोबर न्या. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड असेल तर तेही. आमच्याकडे ते मागितलंच. नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तसंच कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. सही व्हायच्या आधी स्क्रीनवर वाचून घ्या. नव्या दाखल्यावर दोन तारखा असतात, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. अकादमीचा माणूस दुसरी बघून ‘हा तर आत्ताचा’ म्हणून अडला, पहिलीवर बोट ठेवल्यावर गप्प बसला.

अरे हो, बॉल चार नंबरचा घ्या, आठ ते बारा वर्षांच्या मुलांना तोच. दुकानदार पाच नंबरचा गळ्यात मारतो. आणि मुरमाच्या मैदानावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले बूट नकोत, या वयात टाचा दुखायला लागतात.

आता ती लीग खेळते, बहुतेक वेळा राइट बॅक, म्हणजे बचावात उजव्या बाजूला. दाखल्याच्या सही-शिक्क्याच्या जादा प्रती मी तेव्हाच काढून ठेवल्यात. धाकट्याचा दाखलाही काढून बघितला. त्यावर नाव आहे.